सोन्यापेक्षा स्टील महाग कसे? पाटेक फिलिप १५१८ विषयी एक शंका

विहंग, कोल्हापूर

नमस्कार. जुन्या घड्याळांचा मी जाणकार नाही, पण गेल्या काही महिन्यांपासून त्यांच्याविषयी वाचण्याचा नाद लागला आहे. वाचता वाचता एका ठिकाणी गाडी अडली, म्हणून हा प्रश्न.

पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीने १९४१ साली १५१८ या क्रमांकाचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. एकाच घड्याळात स्टॉपवॉच आणि कायमस्वरूपी दिनदर्शिका असलेले, एखाददुसरे नव्हे तर नियमित उत्पादनात घेतलेले हे जगातील पहिले मनगटी घड्याळ मानले जाते. १९५४ पर्यंत त्याचे २८१ नग तयार झाले. त्यांतले बहुतेक पिवळ्या सोन्याचे, काही गुलाबी सोन्याचे आणि आजवर माहीत असलेले फक्त चार स्टीलचे आहेत. या चारांपैकी एक १२ नोव्हेंबर २०१६ रोजी जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात १ कोटी १० लाख २ हजार स्विस फ्रँकना विकले गेले, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे ७५ कोटी रुपयांना. तोवर लिलावात कोणत्याही मनगटी घड्याळाला एवढी किंमत आलेली नव्हती.

आमच्या घरी सराफीचा व्यवसाय आहे. वस्तू हाती आली की आधी वजन, मग कस, मग घडणावळ, हा हिशेब लहानपणापासून अंगवळणी पडलेला आहे. त्या हिशेबात हे घड्याळ कुठेच बसत नाही. यंत्र तेच, तबकडी जवळपास तीच, कारागीरही तेच. फक्त सोन्याच्या जागी स्टील आले आणि किंमत उतरायची सोडून कित्येक पटींनी चढली. केवळ चारच आहेत म्हणून हे घडत असेल, तर चुकीच्या छपाईच्या टपाल तिकिटात आणि या घड्याळात फरक काय राहिला? आणि दुर्मिळपणाच्या पलीकडे काही असेल, तर ते नेमके काय आहे? किंमत बाजूला ठेवून, या वस्तूची ओढ माणसाला का वाटावी, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

कालमापक, पुणे

विहंगराव, तुमचा सराफी हिशेब बाजूला ठेवू नका, तोच पुढे नेऊ या. सोन्याचे १५१८ वितळवले तर हाती येणारी रक्कम त्याच्या लिलावातील किमतीपुढे नगण्य ठरेल. म्हणजे सोन्याच्या घड्याळातही सोन्याची किंमत कोणी मोजत नाही. तिथेही सगळी घडणावळच आहे. एकदा हे मान्य केले की धातूचे मूल्य दोन्ही बाजूंनी गळून पडते आणि तुलना सरळ होते.

आता त्या घडणावळीकडे येतो, कारण आकर्षणाचे मूळ माझ्या मते तिथे आहे. कायमस्वरूपी दिनदर्शिका म्हणजे कोणता महिना तीस दिवसांचा, कोणता एकतीस दिवसांचा आणि कोणत्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा, हे घड्याळाला स्वतःला कळते. त्यात ना विजेचा अंश आहे ना गणकयंत्राचा. आत एक चकती असते, जी चार वर्षांत म्हणजे अठ्ठेचाळीस महिन्यांत एक फेरा पूर्ण करते. तिच्या कडेवर प्रत्येक महिन्यासाठी जागा ठरलेली असते: एकतीस दिवसांच्या महिन्याला कड अखंड, तीस दिवसांच्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल खाच आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्याहून किंचित कमी खोल खाच. एका लांब तरफेचे टोक या कडेला टेकून खाचेची खोली चाचपते आणि त्या खोलीनुसार महिनाअखेरीस तारीख एक घर पुढे ढकलायची की दोन, तीन, चार घरे, हे ठरते. चार वर्षांचे सगळे पंचांग एका धातूच्या कडेवर कोरून ठेवलेले आहे, असे म्हटले तरी चालेल. घड्याळ सतत चालू ठेवले तर १ मार्च २१०० पर्यंत तारखेला हात लावावा लागणार नाही. त्या दिवशी मात्र लावावा लागेल, कारण २१०० हे वर्ष चाराने भाग जाऊनही लीप वर्ष नाही आणि हा अपवाद त्या चकतीला माहीत नसतो.

तबकडीच्या खालच्या भागातला, चंद्राच्या कला दाखवणारा चंद्र याच शिस्तीने चालतो. ५९ दातांच्या चाकावर दोन चंद्र रंगवलेले असतात, म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस मिळतात. खरा चांद्रमास त्याहून सुमारे ४४ मिनिटांनी मोठा असल्यामुळे साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांत या चंद्राचा एक दिवसाचा फरक पडतो. आपल्याकडे अधिक मासही सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो. दोन्हींची कारणे अगदी वेगळी असल्यामुळे हा निव्वळ योगायोग आहे, पण पंचांग बघणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला तो सुखावून जातो.

हे सर्व ज्या पायावर उभे आहे, ते स्टॉपवॉचचे मूळ यंत्र व्हालझूचे, म्हणजे झू खोऱ्यातल्या एका यंत्र-उत्पादक कंपनीचे आहे. पाटेकने त्याचे भाग घेऊन त्यावर स्वतःचे सफाईकाम केले, आणि दिनदर्शिकेचा थर व्हिक्टोरिन पिगे या त्याच खोऱ्यातील नामांकित कार्यशाळेकडून चढवून घेतला. हा सारा संसार ३५ मिलिमीटर व्यासाच्या केसमध्ये मावतो. आज चाळीस-बेचाळीस मिलिमीटरची घड्याळे सर्रास वापरणाऱ्यांना तो आकार लहान वाटेल, पण एवढ्या जागेत एवढे काम बसवूनही तबकडीवर गर्दी दिसत नाही, यातच त्या आखणीचे यश आहे. वार आणि महिना बाराच्या आकड्याखाली दोन शेजारच्या खिडक्यांत, तारीख खाली चंद्राभोवती एका बारीक काट्याने, आणि दोन बाजूंना सेकंद व मिनिटे मोजणाऱ्या दोन छोट्या तबकड्या. पुढे १९५१ मध्ये याच घराण्यातले २४९९ आले, त्याचे १९८५ पर्यंत ३४९ नग निघाले, आणि आजही कंपनी याच मांडणीचा वारसा चालवते आहे. १९८० चे दशक उजाडेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही कंपनीने असे मनगटी घड्याळ नियमित उत्पादनात आणले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे १९४१ च्या त्या उडीची उंची कळते.

आता स्टीलचा मुद्दा. सभोवती महायुद्ध पेटलेले असताना, चारही बाजूंनी वेढल्या गेलेल्या तटस्थ देशात हे घड्याळ तयार होत होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे गुंतागुंतीचे यंत्र सोन्यात बसवायचे आणि स्टील रोजच्या वापराच्या साध्या घड्याळांसाठी ठेवायचे, असा संकेत होता, कारण जो एवढ्या यंत्राची किंमत मोजू शकतो त्याला सोन्याचा वेगळा भार वाटत नसे. स्टीलच्या १५१८ ने हा संकेत मोडला. घराण्यातले सर्वांत अवघड काम सर्वांत साध्या कपड्यांत उभे आहे आणि लांबून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मला तरी या घड्याळाची ओढ या विसंगतीमुळे वाटते. चारच नग असणे हा त्या विसंगतीचा परिणाम आहे. टपाल तिकिटाच्या बाबतीत निव्वळ चूक झालेली असते, इथे कोणीतरी विचारपूर्वक, बहुधा मागणी नोंदवून, हे करवून घेतले.

एक निरीक्षण जाता जाता नोंदवतो. २०१६ मध्ये विक्रम मोडला तो स्टीलच्या १५१८ ने. पुढच्या वर्षी, २६ ऑक्टोबर २०१७ रोजी, न्यूयॉर्कमध्ये तो मोडला अभिनेते पॉल न्यूमन यांच्या स्वतःच्या रोलेक्स डेटोनाने, १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरना. तेही स्टीलचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात तो पुन्हा मोडला पाटेकच्याच ग्रँडमास्टर चाइमने, ३ कोटी १० लाख फ्रँकना, आणि तेही त्या मॉडेलचे स्टीलमधले एकमेव घड्याळ. लागोपाठचे तिन्ही विक्रम स्टीलचे असावेत, हे सराफाला न पटणारे असले तरी खरे आहे.

प्रभाकर, दादर

कालमापक यांचे यंत्राविषयीचे विवेचन उत्तम आहे, परंतु त्यातून निघालेला निष्कर्ष मला पटत नाही. घडणावळ ही घडवणाऱ्याला द्यायची असते. १९४० च्या दशकातल्या कारागिराला २०१६ मधल्या रकमेतला एक छदामही मिळालेला नाही. ती विकणाऱ्याच्या आणि लिलावगृहाच्या खिशात गेली. तेव्हा त्या रकमेला घडणावळ म्हणणे ही बाजाराला कारागिरीची शाल पांघरण्याची युक्ती झाली.

आणि यंत्रातच ओढ असेल तर त्यांनीच दिलेले उदाहरण पाहा. न्यूमन यांच्या डेटोनात दिनदर्शिका नाही, चंद्र नाही. ते चावीचे साधे स्टॉपवॉच आहे. ज्या नक्षीच्या तबकडीमुळे आज त्या प्रकाराला न्यूमन यांचे नाव लागले, ती विक्रीला होती तेव्हा ग्राहक नाक मुरडत आणि दुकानात ती पडून राहत असे. लिलावात पहिलीच बोली १ कोटी डॉलरची आली. त्यांच्या पत्नीने मागच्या झाकणावर ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचा मजकूर कोरून घेतला होता. ते झाकण आणि ते मनगट वगळले तर उरते काय? कारागिरी तीच राहून किंमत मात्र पाताळात जाते.

२०१९ च्या घड्याळाची गोष्ट तर आणखी निराळी आहे. तो लिलाव स्नायूंच्या एका आनुवंशिक आजारावरील संशोधनासाठी होता आणि कंपनीने एकच नग मुद्दाम तयार करून दिला होता. त्यात दानाचा वाटा किती आणि घड्याळाचा किती, हे वेगळे करता येणार नाही. १९४० च्या दशकात चारच नग निघाले, कारण बहुधा पाचवा कोणी मागितला नाही. २०१९ मध्ये एकच नग निघाला, कारण दुसरा काढायचाच नाही असे ठरले होते. या दोन दुर्मिळपणांना एकाच तागडीत घालू नये. माझे म्हणणे एवढेच की १५१८ ची यंत्ररचना वाखाणण्याजोगी आहे हे मान्य, पण स्टीलच्या नगाला जी जास्तीची किंमत येते ती त्या यंत्रासाठी नाही, दुसऱ्या श्रीमंताकडे ती वस्तू नसावी यासाठी आहे.

घड्याळजी, गिरगाव

मी दुरुस्तीचे काम करतो. १५१८ माझ्या टेबलावर कधी आलेले नाही आणि येण्याची शक्यताही नाही, पण त्या काळातली स्विस मशीन रोज उघडतो, म्हणून वरच्या दोन्ही उत्तरांत राहून गेलेल्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. तुम्ही धातू आणि यंत्र यांवरच बोलत आहात. जुन्या घड्याळाचा निम्म्याहून अधिक जीव त्याच्या तबकडीत असतो.

१५१८ ची तबकडी जिनिव्हाच्या स्टर्न कुटुंबाच्या कारखान्यात तयार होत असे. हे कुटुंब मूळचे तबकड्या बनवणारेच. १९३२ मध्ये मंदीच्या काळात त्यांनी पाटेक कंपनीच विकत घेतली आणि ती आजही त्यांच्याकडे आहे. या तबकड्यांवर कंपनीचे नाव आणि कडेच्या बारीक रेघा शाईने छापलेल्या नसत. आधी धातूवर कोरून खाच पाडायची, त्या खाचेत काळ्या मिन्याची पूड भरायची, भट्टीत तापवून ती काचेसारखी घट्ट करायची, मग घासून पृष्ठभाग एकसारखा करायचा आणि शेवटी चांदीचा मुलामा द्यायचा. त्यामुळे नखाने हलकेच चाचपले तर अक्षर किंचित उंच लागते आणि ऐंशी वर्षांनंतरही काळा रंग फिका पडत नाही. मुलामा मात्र काळवंडतो. मग कोणीतरी तो साफ करायला घेतो, जास्त घासतो, आणि अक्षरांची टोके बोथट होतात, स्वल्पविराम किंवा उच्चारचिन्ह नाहीसे होते. भिंगाखाली पाहणारा माणूस पहिल्यांदा तेच शोधतो. तबकडीला किती वेळा हात लागला, हे ती लपवू शकत नाही.

केसचेही तसेच आहे. सोने मऊ. दर सर्व्हिसिंगला पॉलिश मारून घेण्याची हौस गिऱ्हाईकाला असते आणि नाही म्हणणारा कारागीर कमी. पट्टा अडकतो ते केसचे चार कान दर पॉलिशला थोडे थोडे झिजतात, धारा गोल होतात, कसाचे शिक्के पुसट होतात, आणि शेवटी घड्याळ साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होऊन बसते. स्टील कठीण असल्यामुळे धारा पुष्कळदा टिकून राहतात. त्याला वेगळा रोग असतो: मागच्या झाकणाच्या सांध्यात घाम आणि दमट हवा शिरून बारीक खड्डे पडतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेली घड्याळे उघडली की हे नेहमी दिसते. म्हणून १९४० च्या दशकातले स्टीलचे घड्याळ धारदार कडांसह, न काळवंडलेल्या सांध्यासह आणि मूळ तबकडीसह समोर आले, तर त्याचा अर्थ कोणीतरी ते बिघडवण्याची प्रत्येक संधी टाळली असा होतो.

आपल्या शहराचे नाव या बाबतीत फारसे चांगले नाही, तेही सांगून टाकतो. जुन्या फाव्र-लुबा, एचएमटी आणि इतर घड्याळांच्या तबकड्या घासून, त्यांवर भडक रंग आणि नवी छपाई चढवून, तीन घड्याळांचे भाग एकात बसवून ती जगभर विकली जातात आणि परदेशातले हौशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्या घड्याळांची मशीन बहुधा नीट चालतात. वेळही बरोबर दाखवतात. तरी जाणकार त्यांना विचारत नाहीत. प्रभाकरजी, ओढ फक्त श्रीमंतांच्या चढाओढीत असती, तर पाच-सात हजारांच्या घड्याळातही माणसांनी मूळ तबकडीचा एवढा आग्रह धरला नसता.

प्रभाकर, दादर

घड्याळजींचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मी मान्य करतो. कमी किमतीच्या घड्याळातही अस्सलपणाचा आग्रह धरला जातो, हे माझ्या स्पष्टीकरणात बसत नव्हते. माझा आक्षेप आता सोने आणि स्टील यांच्या किमतींमधल्या दरीपुरता राहतो. चांगल्या राखलेल्या सोन्याच्या १५१८ मध्येही हेच गुण असणार. मग ते एवढे मागे का?

मीनल, लोझान

ते सरसकट मागे नाही, म्हणून दोन उदाहरणे देते, आणि योगायोगाने दोन्ही इजिप्तच्या राजघराण्यातली आहेत. राजे फारूक यांचे सोन्याचे १५१८ मार्च २०२१ मध्ये दुबईत क्रिस्टीजच्या लिलावात ९,१२,५०० डॉलरना गेले. मागे त्यांचे मुकुटासह राजचिन्ह कोरलेले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला सदबीजमध्ये राजपुत्र तेवफिक तुसून यांचे १५१८, गुलाबी सोन्याच्या केसमध्ये गुलाबी तबकडी असलेले, ९५ लाख ७० हजार ९०० डॉलरना विकले गेले. मॉडेल एक, घराणे एक, दोन्ही सोन्याची, आणि किमतीत दहा पटींहून अधिक अंतर. राजाच्या घड्याळापेक्षा राजपुत्राचे वरचढ ठरले, ते तबकडी आणि केस यांच्या दुर्मिळ जोडीमुळे आणि ज्या अवस्थेत ते टिकले त्या अवस्थेमुळे. तेव्हा फक्त स्टीलच उडी मारते असे नाही. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून संग्राहकांत चर्चा होती ते २०१६ चेच स्टीलचे घड्याळ नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा जिनिव्हात विक्रीस आले आणि १ कोटी ४१ लाख ९० हजार फ्रँकना गेले.

मी जिनिव्हापासून जवळच राहते, त्यामुळे पाहुणे आले की प्लेनपॅले भागातल्या पाटेक फिलिप संग्रहालयात जाणे होते. २००१ मध्ये ते सुरू झाले. एक मजला कंपनीच्या घड्याळांचा आणि एक सोळाव्या शतकापासूनच्या इतर युरोपीय घड्याळांचा, अशी मांडणी आहे. भारतातून येणारे बहुतेक जण हिरे आणि मिन्याच्या चित्रांपाशी रेंगाळतात, आणि त्यात गैर काही नाही. मला ओढून नेते ते १९२५ मधले एक घड्याळ, कायमस्वरूपी दिनदर्शिकेचे पहिले मनगटी घड्याळ. त्यातले यंत्र १८९८ मध्ये स्त्रियांच्या गळ्यात लटकवायच्या घड्याळासाठी बनवले होते, ते विकले गेले नाही, सत्तावीस वर्षे पडून राहिले आणि मग कोणाला तरी ते मनगटी केसमध्ये बसवण्याचे सुचले. ते पाहून १५१८ कडे आले की दोघांमधला फरक डोळ्यांत भरतो. १९२५ चे घड्याळ हाताशी असलेल्या यंत्राला नवे घर शोधून दिल्यासारखे आहे. १५१८ मात्र मुळापासून मनगटासाठीच कल्पिलेले.

काचेआडून पाहताना एक गोष्ट प्रत्येक वेळी जाणवते. छायाचित्रांमुळे ही घड्याळे फार मोठी वाटतात. समोर ती इतकी लहान आणि अबोल असतात की शेजारचा माणूस न थांबता पुढे जातो.

कालमापक, पुणे

मीनलताईंनी दिलेली दोन उदाहरणे प्रभाकररावांच्या उरलेल्या प्रश्नाला पुरेशी आहेत असे वाटते. एक छोटी भर घालतो, कारण कारागिरीची बाजू मांडताना माझ्याकडून या यंत्राचा एक उणा भाग सांगायचा राहिला. १५१८ च्या तबकडीवर लीप वर्षाचे चक्र दाखवणारी कोणतीही खूण नाही. घड्याळ काही दिवस बंद पडले की केसच्या कडेला असलेली बारीक बटणे टोकदार सळीने दाबून वार, तारीख, महिना, चंद्र सगळे पुन्हा लावावे लागते, आणि आतली चकती चार वर्षांपैकी कोणत्या वर्षात उभी आहे हे बाहेरून कळत नाही. ते पाहायचे तर दिनदर्शिका पुढे नेत फेब्रुवारीअखेर काय होते ते तपासावे लागते, आणि ते काम घाईने केले तर नाजूक दाते दुखावतात. ज्याला फक्त तारीख हवी त्याने या वाटेला जाऊ नये. तरीही ज्यांच्याकडे ही घड्याळे आहेत ते याची तक्रार करताना दिसत नाहीत. उलट ते लावण्याचे काम ते आनंदाने, स्वतःच्या हाताने करतात. वस्तूकडून सोय मिळते म्हणून नव्हे, तर तिची निगा राखावी लागते म्हणूनही जीव जडतो, हे मान्य करावे लागते.

विहंग, कोल्हापूर

सर्वांचे मनापासून आभार. सराफी हिशेबातच एक गोष्ट मी पाहिली नव्हती, ती आता स्पष्ट झाली: आमच्याकडे मोड द्यायला आलेल्या जुन्या दागिन्याची घडणावळ शून्य धरली जाते, कारण तो वितळणारच आहे. इथे वस्तू वितळणार नाही हे आधीच ठरलेले असल्यामुळे सगळा भाव घडणीला आणि जपणुकीला मिळतो. पूर्वी सोन्याचे भाव चढले तेव्हा किती जुनी सोन्याची घड्याळे केससकट मोडीत निघाली असतील, हा विचारही आता अस्वस्थ करतो.

शेवटचा प्रश्न. पाटेक घेण्याची कोणाची ऐपत नाही, माझी तर नाहीच. पण तुम्ही वर्णन केलेला आनंद, म्हणजे जुने स्टॉपवॉचचे यंत्र आणि हात न लागलेली तबकडी, आवाक्यातल्या घड्याळात मिळू शकतो का?

घड्याळजी, गिरगाव

मिळू शकतो, आणि त्याची वाट १५१८ च्या पोटातूनच जाते. कालमापक यांनी व्हालझूच्या यंत्राचा उल्लेख केला. व्हालझू २३ हे ते यंत्र, आणि तासांची मोजणी जोडलेला त्याचाच भाऊ व्हालझू ७२. न्यूमन यांच्या डेटोनात या ७२ चीच सुधारित आवृत्ती आहे. म्हणजे विक्रम करणारी ती दोन घड्याळे यंत्राच्या बाजूने एकाच घराण्यातली निघतात, आणि त्याच घराण्याची यंत्रे आज फारशी नावे न राहिलेल्या कितीतरी स्विस कंपन्यांनी साध्या स्टीलच्या केसमध्ये बसवली होती. दिनदर्शिका मिळणार नाही, पाटेकचे सफाईकाम मिळणार नाही, पण बटण दाबल्यावर खांबांच्या चाकावरून, म्हणजे स्टॉपवॉच सुरू-बंद करणाऱ्या चाकावरून, तरफ सरकते तो स्पर्श तोच असतो.

घेताना नाव पाहण्याआधी तबकडी पाहा. काच काढून, तिरप्या उजेडात काढलेले छायाचित्र मागा; छपाईच्या कडा पसरलेल्या दिसल्या किंवा छोट्या तबकड्यांच्या वर्तुळांवर रंग साचलेला दिसला तर पुन्हा रंगवलेली समजा. मशीनचे आणि झाकणाच्या आतल्या बाजूचे छायाचित्र मागा. तिथे जुन्या घड्याळजींनी सर्व्हिसिंगच्या बारीक नोंदी ओरखडून ठेवलेल्या असतात, त्या असल्या तर चांगलेच. स्टॉपवॉच चालवून थांबवल्यावर आणि शून्यावर परत आणल्यावर काटा नेमका बारावर येतो का, हे चित्रफितीत दाखवायला सांगा. काटा एका बाजूला थांबत असेल तर काटा सैल असेल किंवा आतला हृदयाच्या आकाराचा भाग झिजलेला असेल. पहिले काम दहा मिनिटांचे, दुसऱ्यासाठी सुटा भाग शोधता शोधता दमछाक होते. आणि विकणारा यातले काहीही द्यायला खळखळ करत असेल, तर घड्याळ कितीही सुंदर दिसले तरी दुसरे बघा.